ख्रिस्ती सद्गुण आणि आध्यात्मिक वाढ : इंदूरच्या आमच्या बैठकीत वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंदूरला राजेंद्र नगरात आमच्या घरी दर बुधवारी दुपारी चार वाजता बायबल अभ्यासाची बैठक भरते. अठरा वर्षं झाली. आमच्यातल्या बऱ्याच कुटुंबांची चर्चमधली उपासना हिंदीत होते आणि घरची प्रार्थना मराठीत. आजी-आजोबा नगर-जालन्याकडून नोकरीच्या निमित्तानं इकडे आले आणि इथलेच झाले, पण देवाशी बोलताना तोंडात मराठीच येते. म्हणून ही बैठक मराठीत. मी पाळक नाही, धर्मशास्त्राची पदवीही माझ्याकडे नाही. तीस वर्षं शाळेत शिकवलं, संडे स्कूल घेतलं, सासूबाईंचं शेवटचं आजारपण काढलं. इतक्या वर्षांत जे प्रश्न पुन्हा पुन्हा आले ते इथं लिहिले आहेत. उत्तरं पवित्र शास्त्रातली आहेत, आणि थोडी संसारातली.

आध्यात्मिक परिपक्वता म्हणजे नेमकं काय?

पिकणं. शब्दातच ते आहे. आंबा झाडावर पाडाला येतो, मग अढीत पेंढ्याखाली निवांत पडून राहतो आणि सालीपासून कोयीपर्यंत गोड होतो. तोच आंबा कार्बाइडची पुडी ठेवून दोन दिवसांत पिवळा करता येतो. कायद्यानं बंदी आहे तरी लोक करतात. कापला की कोयीजवळ आंबट निघतो. विश्वासात नव्यानं आलेल्या मुली कधी कधी फार घाई करतात. महिनाभरात वचनं तोंडपाठ, रात्र रात्र प्रार्थना, आणि मग एक दिवस घरात काहीतरी बिनसलं की सगळं सोडून मोकळ्या. त्यांचा उत्साह मला आवडतो. मी त्यांना एवढंच म्हणते, अढीत जरा राहा.

बायबलातल्या इब्री लोकांस पत्राच्या 5व्या अध्यायात दूध आणि जड अन्न यांची तुलना आहे. तिथं प्रौढ कोणाला म्हटलंय? ज्याला सरावानं बरंवाईट ओळखता येऊ लागलं त्याला. हा सराव शब्द मला फार मोलाचा वाटतो. बाप्तिस्मा होऊन किती वर्षं झाली, चर्चचा कारभार पाहणाऱ्या पास्टरेट कमिटीत आहात का, यातलं काहीच तिथं विचारलेलं नाही. आणि इफिसकरांस पत्रात 4:13 मध्ये (चौथा अध्याय, तेरावं वचन) वाढीचं माप दिलंय ते ख्रिस्ताचं. शेजारणीपेक्षा मी बरी, हे माप तिथं लागू होत नाही.

सद्गुण किती? कोणी सात सांगतं, कोणी नऊ.

दोन्ही ठीक. गलतीकरांस पत्रात (5:22-23) आत्म्याच्या फळाची नऊ लक्षणं आहेत: प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता, ममता, चांगुलपणा, विश्वासूपणा, सौम्यता, इंद्रियदमन. सात म्हणणाऱ्यांच्या मोजणीत विश्वास, आशा आणि प्रीती हे पौलानं (ही बरीचशी पत्रं लिहिणारा प्रेषित) एकत्र सांगितलेले तीन, आणि विवेक, न्याय, धैर्य, संयम हे ग्रीक विचारवंतांपासून चालत आलेले चार. तेराव्या शतकात धर्मशास्त्रज्ञ थॉमस अक्वायनस यांनी या सातांची सविस्तर मांडणी केली. आमच्या कॅथलिक मैत्रिणी धर्मशिक्षणाच्या वर्गात सात शिकून आलेल्या असतात, आम्ही संडे स्कूलमध्ये नऊ. येशूचा शिष्य पेत्र याच्या दुसऱ्या पत्रात (1:5-7) आणखी एक माळ आहे. विश्वासात सात्त्विकतेची भर घाला, सात्त्विकतेत ज्ञानाची, असं करत करत ती प्रीतीपर्यंत जाते.

मोजणीपेक्षा एक गोष्ट महत्त्वाची. गलतीकरांसमधला मूळ ग्रीक शब्द एकवचनी आहे: फळ, फळं नव्हे. टोपलीतून आवडेल ते उचलावं अशी नऊ वेगवेगळी फळं तिथं नाहीत. एकच संत्रं आणि त्याच्या नऊ फोडी, असं मी मुलांना सांगते. 'मी मनानं प्रेमळ आहे, फक्त जीभ तिखट आहे' हे वाक्य मी स्वतःबद्दल कित्येक वर्षं बोलत होते. सौम्यतेची फोड सुकलेली असेल तर प्रीतीची फोड तेवढी रसाळ कशी असेल?

फळ जर पवित्र आत्म्याचं, तर मी काय करायचं? स्वस्थ बसायचं?

इंदूर नर्मदेच्या काठी नाही. नदी सत्तर किलोमीटरवर, घाटाखाली वाहते. जलूदहून पंपांनी पाणी वर चढवून शहरात आणलं, ते 1978 साली. आज आपण त्यावर जगतो. आमच्याकडे नळ एक दिवसाआड येतो. ते पाणी घाट चढून आणण्याची ताकद आपल्यापैकी कोणात नाही. पण नळ आला की उठावं लागतं. सासूबाई आदल्या रात्रीच हंडे, कळशा घासून पालथ्या घालून ठेवायच्या आणि पहाटे नळानं पहिला खाकरा दिला की उभ्या राहायच्या.

कृपेचंही मला असंच दिसतं. फिलिप्पैकरांस 2:12-13 मध्ये पौल एकाच दमात दोन्ही म्हणतो: तुम्ही आपलं तारण भीत व कापत साधून घ्या, कारण इच्छा आणि कृती तुमच्यात घडवणारा देव आहे. वचन वाचणं, प्रार्थना, प्रभुभोजन, मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, मिसळणं ही आपली भांडी. ती लावायची. भांड्यातून पाणी उत्पन्न होत नाही हेही लक्षात ठेवायचं, नाहीतर धार्मिकपणाचा ताठा येतो. योहानाच्या 15व्या अध्यायात येशू द्राक्षवेल आणि फाटे यांच्याबद्दल बोलतो. तिथं फाट्याला काम एकच: वेलीत राहणं.

किती वर्षं लागतात?

देव घाईत नसतो. मोशे मिद्यानात चाळीस वर्षं मेंढरं राखत होता. पौलाला दिमिष्काच्या (दमास्कसच्या) वाटेवर प्रभू भेटला, पण त्यानंतर तो यरुशलेमला पेत्राला भेटायला गेला तो तीन वर्षांनी. लूकच्या 13व्या अध्यायातल्या अंजिराला तीन वर्षं फळ नाही, आणि माळी मालकाला म्हणतो, आणखी एक वर्ष राहू दे, मी भोवती खणून खत घालतो. मार्कच्या 4थ्या अध्यायात बी पेरणारा झोपतो, उठतो, आणि बी कसं वाढतं हे त्याला कळतही नाही. माळव्यात हे समजावून सांगावं लागत नाही. काळ्या मातीत गहू पेरला की रोज उकरून पाहणारा शेतकरी कोणी पाहिलाय?

मला राग आवरत नाही. प्रार्थना करूनही तेच.

हा प्रश्न सगळ्यांत जास्त वेळा येतो, विशेषतः घरात म्हातारं माणूस किंवा लहान मूल असलेल्या बायकांकडून. याचं उत्तर मी माझ्याच घरातून देते.

सासूबाईंना शेवटची चार वर्षं स्मृतिभ्रंश होता. रात्री अडीचला उठून बसायच्या. "सकाळ झाली गं, चहा ठेव." अंधार दाखवला तरी पटायचं नाही. एका रात्री त्यांनी तिसऱ्यांदा उठवलं. मी स्वयंपाकघरात गेले आणि चहाचं पातेलं ओट्यावर आदळलं. स्टीलचं पातेलं, आणि रात्रीची ती शांतता. बाहेर येऊन पाहते तर सासूबाई भिंतीला टेकून, पदर दोन्ही मुठींत धरून बसलेल्या. मला म्हणाल्या, "बाई, मी चुकून तुमच्या घरी आले का?"

ज्यांनी मला या घरात भाकरी थापायला शिकवली, माझी बाळंतपणं काढली, त्या मला 'बाई, तुम्ही' म्हणत होत्या. त्याच दिवशी दुपारी मी बैठकीत सहनशीलतेवर शिकवलं होतं. मी खाली त्यांच्या पायाशी बसले आणि माफी मागितली. त्यांना काय कळलं देव जाणे. त्यांनी माझ्या डोक्यावर हात फिरवला आणि म्हणाल्या, "असू दे. चहा पिऊन जा."

त्या रात्रीनंतर मी तीन गोष्टी शिकले. पहिली, आपल्या बायबलात देवाला 'मंदक्रोध' म्हटलं आहे (स्तोत्र 103:8). मंद आचेसारखा. त्याला राग येतच नाही असं नाही, पण तो उशिरा येतो. म्हणजे राग यावाच नाही असं मागणं मी सोडलं आणि तो उशिरा यावा असं मागू लागले. हे मागणं मिळतं. दुसरी, पुष्कळदा राग हा थकवा असतो. 1 राजे 19व्या अध्यायात संदेष्टा एलीया खचून झुडपाखाली पडतो तेव्हा देव त्याला बोधवचन सांगत नाही. आधी झोप, मग निखाऱ्यावरची भाकर आणि पाणी, पुन्हा झोप, आणि बोलणं फार पुढं. मी यजमानांना सांगितलं की एक रात्र तुम्ही उठा, एक रात्र मी. हे आधीच सांगायला हवं होतं. आणि झोपताना थर्मासमध्ये चहा भरून ठेवू लागले. थर्मासनं निम्मी सहनशीलता दिली असं म्हटलं तर काही बिघडत नाही. देव अशाही मार्गानं देतो.

तिसरी गोष्ट इफिसकरांस 4:26 ची, सूर्य मावळण्याआधी राग संपवण्याची. हे वचन नवऱ्याबायकोला लग्नात सगळेच सांगतात. मी ते मुलं, सासू, मोलकरीण सगळ्यांना लावते. ज्याच्यावर आवाज चढला त्याची त्याच दिवशी, त्याच्या तोंडावर माफी मागायची. 'मी दमले होते म्हणून' हे वाक्य माफीला जोडायचं नाही.

क्षमा केली तर समोरच्यानं केलं ते बरोबरच होतं, असं होत नाही का?

आपल्या इंदूरकरांसाठी हा प्रश्न पुस्तकातला नाही. सिस्टर राणी मारिया या केरळच्या, फ्रान्सिस्कन क्लॅरिस्ट संघाच्या. देवास जिल्ह्यातल्या उदयनगर भागात त्या गरीब शेतकऱ्यांना आणि आदिवासींना संघटित करत होत्या, सावकारांच्या विळख्यातून सोडवत होत्या. ज्यांचं नुकसान होत होतं त्यांनी मारेकरी नेमला. 25 फेब्रुवारी 1995 रोजी उदयनगरहून इंदूरला येणाऱ्या बसमध्ये त्यानं त्यांच्यावर हल्ला केला आणि रस्त्यावर ओढून भोसकून मारलं. त्या 41 वर्षांच्या होत्या.

2002 साली त्यांची धाकटी बहीण, सिस्टर सेल्मी पॉल, तुरुंगात गेली आणि त्या माणसाच्या हाताला राखी बांधून त्याला भाऊ मानलं. पुढं आईही केरळहून आली आणि ज्या हातांनी आपली लेक मारली त्या हातांचं तिनं चुंबन घेतलं. त्याच्या सुटकेसाठी कुटुंबानं शब्द टाकला. 2006 साली तो सुटला. 4 नोव्हेंबर 2017 रोजी इथंच, इंदूरला, राणी मारियांना कॅथलिक चर्चनं 'धन्य' (संतपदाच्या आधीची पायरी) घोषित केलं.

यात दोन गोष्टी बघा. खुनाला कोणी बरोबर म्हटलं नाही. न्यायालयानं दोषी ठरवलं, त्यानं शिक्षा भोगली. क्षमेला 'काही झालंच नाही' असं म्हणावं लागत नाही. उलट जे झालं ते पूर्ण मान्य केल्यावरच क्षमा करता येते. आणि दुसरं, 1995 ते 2002. मधे सात वर्षं गेली. ज्या बाईला नणंदेनं परवा दुखावलं तिनं उद्या सकाळी मन मोकळं करून दाखवावं, असा दबाव आपण का टाकतो?

मराठीत 'अढी' हा शब्द दोन ठिकाणी येतो, आंब्याच्या खोलीत आणि मनात. आंबा अढीत झाकून ठेवला की गोड होतो. माणसाविषयीची अढी मनात झाकून ठेवली की कुजते, आणि शेजारचंही कुजवते. येशूनं पेत्राला सत्तर वेळा सात क्षमा करायला सांगितलं (मत्तय 18:22), त्याचा अर्थ मी असा घेते की एकाच अपराधाची क्षमाही पुन्हा पुन्हा करावी लागते. आज केली, उद्या आठवण आली, उद्या पुन्हा. मी 'प्रभू, आजच्यापुरती' अशीच प्रार्थना करते.

मग नवऱ्याचा मारही सोसायचा का?

नाही. याला दुसरं उत्तर नाही. सहनशीलता हे फळ आहे, मार खाणं हे फळ नाही. घरात जिवाला धोका असेल तर बाहेर पडा, विश्वासातल्या माणसाला सांगा, 181 या महिला हेल्पलाइनला किंवा 112 ला फोन करा. जीव धोक्यात आला तेव्हा पौलही टोपलीत बसून दिमिष्काच्या भिंतीवरून निसटला होता. 'प्रार्थना कर आणि गप्प राहा' असा सल्ला तुम्हाला कोणी दिला असेल, चर्चमधल्या वडीलधाऱ्यानं दिला असेल तरी, तो ऐकू नका. क्षमा पुढं कधी करायची ते प्रभू आणि तुम्ही ठरवाल. ती सुरक्षित घरात बसूनही करता येते.

रोज काय आणि किती वाचावं?

मार्कपासून सुरुवात करा. सोळा अध्याय, भरभर चालणारी गोष्ट. रोज एक अध्याय, मोठ्यानं. नीतिसूत्रांचे 31 अध्याय आहेत, तारखेप्रमाणे एकेक वाचता येतो. वर्षात पूर्ण बायबल संपवायचा तक्ता ज्यांना जमतो त्यांनी जरूर घ्यावा. मला दोनदा जमला नाही. मी हळू वाचते आणि एक ओळ दिवसभर चघळते. फोनवर वाचलं तरी चालतं, पण तेवढा वेळ व्हॉट्सअॅप बंद.

उपासानं सद्गुण वाढतात का?

पोट रिकामं ठेवल्यानं आपोआप काही वाढत नाही. ईस्टरआधीचे लेंटचे चाळीस दिवस (मधले रविवार सोडून) ही शिस्त चांगली आहे, आपल्यावर कशाची सत्ता आहे ते त्यात कळतं. यशयाचा 58वा अध्याय मात्र उपासाआधी वाचा. भुकेल्याला आपली भाकरी वाटून द्या, असं तिथं आहे. वाचलेलं जेवण किंवा त्याचे पैसे कोणाकडे तरी गेले पाहिजेत.

प्रार्थना कोरडी वाटते. देव ऐकत नाही असं वाटतं. मी मागं पडलेय का?

स्तोत्र 13 काढा. सुरुवातच 'किती वेळ?' अशी आहे, आणि तोच प्रश्न चार वेळा. स्तोत्र 88 तर अंधारातच संपतं, शेवटी आशेची एक ओळसुद्धा नाही. तरीही ते पवित्र शास्त्रात आहे, आणि ती प्रार्थनाच आहे, कारण बोलणं देवाशीच चाललंय. सासूबाईंच्या आजारपणात मला आठ-नऊ महिने प्रार्थनेत काहीच जाणवत नव्हतं. मी फक्त प्रभूची प्रार्थना म्हणायचे, 'हे आमच्या स्वर्गातील पित्या', भांडी घासताना. स्वतःचे शब्द नव्हते तेव्हा त्याचे शब्द होते. आज मागं वळून पाहताना त्या काळात मुळं खाली गेली असं वाटतं, पण तेव्हा तसं वाटत नव्हतं, आणि ज्यांचे ते दिवस आता चालू आहेत त्यांना मी असं सांगायला जात नाही. त्यांच्या शेजारी बसते.

पुन्हा पुन्हा तेच पाप होतं. कितीदा कबूल करायचं?

आपलं शहर 2017 पासून सलग अनेक वर्षं देशात स्वच्छतेत पहिलं आलं. हे एखाद्या मोठ्या साफसफाईनं झालं नाही. गाडी रोज दारात येते, आणि आपण ओला वेगळा, सुका वेगळा करून रोज टाकतो. ज्या दिवशी गाडी चुकते त्या दिवशी घरात वास येतो. रात्री पाच मिनिटं बसून त्या दिवसाचं त्या दिवशी, नाव घेऊन कबूल करा. 'प्रभू, माझी सगळी पापं क्षमा कर' असं गोळा करून नको. 'आज मी जावेबद्दल फोनवर जे बोलले ते खोटं होतं' असं वेगळं करून. 1 योहान 1:9 मध्ये वचन दिलंय की तो विश्वसनीय आणि न्यायी आहे, क्षमा करील आणि शुद्ध करील. व्यसन असेल, मोबाइलवरच्या नको त्या गोष्टी असतील, तर एकट्यानं लढू नका. एका प्रौढ माणसाला सांगा, गरज असेल तर डॉक्टरकडे जा.

आणि पेत्राकडे बघा. येशूला धरून नेल्यावर अंगणातल्या शेकोटीशी त्यानं 'मी त्याला ओळखत नाही' असं तीनदा म्हटलं. पुनरुत्थानानंतर प्रभूनं किनाऱ्यावर, पुन्हा कोळशाच्याच विस्तवाशी, त्याला तीनदा विचारलं, माझ्यावर प्रीती करतोस का? एवढं होऊनही पुढं अंत्युखियात तो लोकांना भिऊन परराष्ट्रीयांच्या (यहुदी नसलेल्यांच्या) पंगतीतून उठला आणि पौलानं त्याला सगळ्यांसमोर धारेवर धरलं (गलतीकरांस 2). तरी तो पेत्रच राहिला.

नम्र असणं म्हणजे स्वतःला कमी लेखणं का?

योहान 13:3 नीट वाचा. पित्यानं सर्व काही आपल्या हाती दिलंय हे येशूला माहीत होतं, आणि लगेच पुढं तो उठतो, रुमाल कमरेला बांधतो, पाय धुतो. आपण कोण हे ज्याला पक्कं ठाऊक आहे त्यालाच खाली वाकायला भीती वाटत नाही. 'मी काही कामाची नाही' असं सतत म्हणणाऱ्या बाईला मी जवळ घेते, पण त्याला नम्रता म्हणत नाही.

ऑफिसात सगळेच खोटी बिलं लावतात. मी एकट्यानं काय करू?

आमच्यातला एक मुलगा एका कंपनीत फिरतीवर असतो. सिटी बसनं जायचं आणि टॅक्सीचं बिल लावायचं अशी तिथली पद्धत. त्यानं खरी तिकिटं जोडायला सुरुवात केली. सहकारी चिडले, कारण त्यांची बिलं उघडी पडली. बढती वगैरे काही मिळाली नाही. त्यानं आधीच्या वर्षाचा हिशेब करून ती रक्कमही परत भरायची ठरवली, बायबलातल्या जकातदार जक्कयासारखी. जक्कयानं चौपट दिलं होतं. याला चौपट झेपेना, मुद्दल हप्त्यानं भरतोय. मला त्याचा फार अभिमान आहे.

मंडळीतच इतकी भांडणं, मग तिथं कशाला यायचं?

पौल आणि त्याचा सहकारी बर्णबा यांचं मार्क या सोबत्यावरून इतकं बिनसलं की दोघे वेगळ्या वाटांनी गेले (प्रेषितांची कृत्ये 15:39). मार्क आधी अर्ध्या वाटेवरून परत फिरला होता. पौल म्हणाला, नको. बर्णबा म्हणाला, एक संधी देऊ. कोण बरोबर ते हे पुस्तक लिहिणारा लूक सांगत नाही. पण शेवटी, मरणाच्या उंबरठ्यावर, पौल आपल्या तरुण सहकाऱ्याला, तीमथ्याला, लिहितो की मार्काला घेऊन ये, तो सेवेसाठी मला उपयोगी आहे. भांडणाशिवायची मंडळी पवित्र शास्त्रात मला सापडलेली नाही. ज्यांच्याशी आपलं पटत नाही त्यांच्याशेजारी बसून एकाच भाकरीतून घेणं, सहनशीलता आणखी कुठं शिकणार?

पैशाचा अपहार किंवा कोणावर अन्याय झाला असेल तर गोष्ट वेगळी. तिथं गप्प बसणं म्हणजे शांती नव्हे.

शेजारी वेगळ्या धर्माचे आहेत. त्यांच्यात कसं राहावं?

चांगल्या शेजाऱ्यासारखं. आमच्या गल्लीत दिवाळीला चार घरांतून फराळ येतो, नाताळाला आमच्या करंज्या आणि शंकरपाळे जातात. गणपतीचा प्रसाद घ्यावा का, हे दरवर्षी विचारतात. 1 करिंथकरांस 8व्या अध्यायात अशाच प्रश्नावर पौलानं निवाडा ज्ञानापेक्षा प्रीतीवर सोपवलाय. आमच्यातल्या काहीजणी घेतात, काहीजणी हात जोडून नाही म्हणतात. दोघींनी एकमेकींना दोष देऊ नये आणि शेजारणीचं मन दुखवू नये. आपल्या आशेबद्दल कोणी विचारलं तर सांगावं, पण सौम्यतेनं, असं पेत्रानं लिहिलंय (1 पेत्र 3:15). विचारलं तर, हा शब्द मी मुद्दाम गिरवते.

मुलांमध्ये हे कसं रुजवायचं?

मुलांची माफी मागा. मी संडे स्कूलमध्ये किती वचनं पाठ करून घेतली याचा हिशेब नाही, पण माझ्या मुलाला आठवतं ते एकच: परीक्षेच्या वेळी मी त्याच्यावर खोटा आळ घेतला होता आणि संध्याकाळी त्याच्या खोलीत जाऊन 'मी चुकले' म्हटलं होतं. तो तेव्हा नऊ वर्षांचा होता.

मी वाढतेय हे कळणार कसं?

स्वतःला विचारू नका. जे आपल्याबरोबर राहतात त्यांना विचारा, आणि उत्तर ऐकताना मधे बोलू नका. याला धैर्य लागतं. पातेल्याच्या त्या रात्रीनंतर दीडेक वर्षानं यजमान सहज म्हणाले, "हल्ली रात्री तू उठलीस तरी मला जाग येत नाही." त्यांच्या ध्यानातही नव्हतं ते काय बोलले. मी मात्र उठून देवघराच्या जागी आम्ही बायबल ठेवतो तिथं जाऊन उभी राहिले. याचा अर्थ पुन्हा आवाज झाला नाही असा नाही. झाला. पण मधली अंतरं वाढत गेली.

माझी सत्तरी उलटली. आता काय वाढणार?

स्तोत्र 92:14 म्हणतं, वृद्धपणीही ते फळ देत राहतील, रसभरित व टवटवीत असतील. संदेष्टी हन्ना 84 वर्षांची होती तेव्हा तिनं मंदिरात बाळ येशूला पाहिलं आणि सगळ्यांना त्याच्याविषयी सांगत सुटली.

आमच्या बैठकीत एक आजी येतात, 76 वर्षांच्या. घरातल्या लोणच्याच्या बरणीला त्यांनी बावीस वर्षांत सुनेला हात लावू दिला नव्हता. तिच्या हाताला मीठ कळत नाही, हे त्या चार लोकांत बोलायच्या, तिच्यासमोर. गलतीकरांस 5 वा अध्याय झाला त्या बुधवारी त्या काही बोलल्या नाहीत. पुढच्या जूनमध्ये कैऱ्या आल्या, फोडी झाल्या, मोहरी फेसून झाली. आजींनी मिठाचं माप सुनेच्या हातात दिलं आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. सून माप धरून त्यांच्याकडे बघत उभी राहिली. आजी म्हणाल्या, "तुझ्या अंदाजानं घाल."